शब्दांची कुळे आणि एक ज्ञानतपस्वी : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

पुण्यास शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गेलेल्या आपल्याकडील मुलामुलींना भांडारकर रस्ता ठाऊक असतो. परंतु ज्यांचे नाव त्या रस्त्याला दिले आहे ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर कोण, असे विचारले तर संस्कृतचे कोणी मोठे पंडित होते, एवढेच उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर चुकीचे नाही, पण फार अपुरे आहे. भांडारकर हे संस्कृतचे पंडित होते, इतिहाससंशोधक होते, समाजसुधारक होते आणि सर्वांत आधी ते हाडाचे शिक्षक होते. ह्या लेखात त्यांच्या चरित्राकडे एका वेगळ्याच वाटेने जायचा विचार आहे. ती वाट म्हणजे आपल्या सर्वांना नडणारी इंग्रजी शब्दांची अडचण.

ही अडचण नवी नाही. लोणी-धामणीच्या बाजूने किंवा जुन्नरच्या पश्चिमेकडील आदिवासी वाड्यांतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र मराठीतून उत्तम लिहितो आणि सक्तीच्या इंग्रजीच्या पेपरात अडतो. मग तो शब्दांच्या याद्या करतो. वहीच्या डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ, आणि पहाटे उठून घोकंपट्टी. आज हातातल्या मोबाइलवर शब्दकोश आला आहे, पण घोकंपट्टी सुटलेली नाही. परीक्षा संपली की महिन्याभरात यादी पुसली जाते. एकेकटा शब्द पाठ करणे म्हणजे भरलेल्या लग्नमंडपात एकेका पाहुण्याचे नाव पाठ करण्यासारखे आहे. हा कोणाचा मुलगा, ती कोणाची सून, हे एकदा कळले की नावे आपोआप लक्षात राहतात. शब्दांनाही अशीच कुळे असतात. इंग्रजीतील विद्वत्तेच्या, कायद्याच्या, शास्त्रांच्या आणि कारभाराच्या शब्दांपैकी फार मोठा भाग लॅटिन कुळातला आहे. आणि ह्या लॅटिन भाषेचे आपल्या संस्कृतशी सख्ख्या बहिणीचे नाते आहे. हे नाते जगाला दाखवून देणाऱ्या तौलनिक भाषाशास्त्राची दीक्षा घेऊन त्याच शास्त्राच्या प्रकाशात संस्कृतपासून मराठीपर्यंतची वाटचाल तपासणारे जे पहिले भारतीय विद्वान झाले, त्यांत भांडारकरांचे स्थान अग्रभागी आहे.

रामकृष्णपंतांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. वडील महसूल खात्यात कारकून होते. घरची परिस्थिती बेताची, बदल्या मागे लागलेल्या. पुढे वडिलांची बदली रत्नागिरीस झाली आणि तेथील सरकारी शाळेत मुलाच्या इंग्रजी शिक्षणाची सोय झाली. १८५३ साली रामकृष्ण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाला. दादाभाई नौरोजी त्या सुमारास तेथे गणित शिकवीत असत. ह्या विद्यार्थ्याची ओढही प्रथम गणिताकडेच अधिक होती. गणिताने लावलेली काटेकोरपणाची सवय त्यांच्या पुढील साऱ्या लेखनात दिसते. पुरावा जेवढा, तेवढेच विधान, हा त्यांचा आयुष्यभराचा बाणा होता.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्या मोजक्या तरुणांत महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण भांडारकरही होते. पुढच्याच वर्षी भांडारकर एम.ए. झाले. नवल असे की, ज्या संस्कृतमुळे त्यांचे नाव जगभर झाले तिचा कसून अभ्यास त्यांनी लहानपणी पाठशाळेत केलेला नव्हता. शिक्षण खात्याचे प्रमुख हॉवर्ड ह्यांच्या सूचनेमुळे ते ऐन तारुण्यात संस्कृतकडे वळले आणि दक्षिणा फेलो असताना शास्त्रीमंडळींपाशी बसून त्यांनी व्याकरण आणि न्याय ह्यांचे अध्ययन केले. विशी उलटल्यावर भाषा शिकायला बसलेला हा माणूस होता. इंग्रजीला आता उशीर झाला म्हणून हातपाय गाळणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी ध्यानात ठेवावी.

शास्त्र्यांची जुनी पद्धत पाठांतराची. आधी रूपावली, मग कोश, मग सूत्रे. अर्थ मागाहून कळेल तेव्हा कळेल. ह्या पद्धतीत स्मरणशक्ती घडत असे, पण नव्या शाळेतल्या मुलाला त्यासाठी लागणारी दहा-बारा वर्षे मिळणे शक्य नव्हते. भांडारकर प्रथम सिंधमधील हैदराबाद येथे आणि नंतर रत्नागिरीस मुख्याध्यापक झाले. शिकवता शिकवता त्यांना ही उणीव जाणवली असली पाहिजे. १८६० च्या दशकात त्यांनी संस्कृतची दोन छोटी पाठ्यपुस्तके लिहिली, पहिले पुस्तक आणि दुसरे पुस्तक. त्यांची रचना साधी आहे. थोडे नियम, थोडे धातू, थोडे शब्द. त्यांवर बेतलेली संस्कृत वाक्ये इंग्रजीत आणायची आणि इंग्रजी वाक्ये संस्कृतात न्यायची. आज शिकलेला नियम आजच वापरायचा. धातू कळला, त्याचा गण कळला, की त्याची रूपे मुलाने स्वतः बनवायची. भारतातल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या ह्या दोन पुस्तकांवर संस्कृत शिकल्या.

आता ह्या धातूच्या कल्पनेकडे थोडे वळू या, कारण आपल्या अडचणीची किल्ली तिच्यातच आहे.

संस्कृत शिकणाऱ्याला हृ हा धातू माहीत असतो. त्याच्यामागे उपसर्ग लागले की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे शब्द होतात. हे शब्द कोणी वेगवेगळे पाठ करीत नाही. लॅटिनमध्ये अगदी हाच कारभार आहे. पोर्ट ह्या लॅटिन मुळाचा अर्थ वाहून नेणे. आत आणणे ते इम्पोर्ट, बाहेर नेणे ते एक्सपोर्ट, पलीकडे नेणे ते ट्रान्सपोर्ट, माघारी आणून सांगणे ते रिपोर्ट, देशाबाहेर नेऊन सोडणे ते डिपोर्ट. एक मूळ आणि पाच-सहा उपसर्ग कळले की पाच शब्द हाती आले. तेच उपसर्ग दुसऱ्या मुळाला लावा. ट्रॅक्ट म्हणजे ओढणे. म्हणून नांगर ओढतो तो ट्रॅक्टर. आपल्याकडे ओढून घेते ते अट्रॅक्ट. बाहेर ओढून काढलेला अर्क तो एक्स्ट्रॅक्ट. खालून काढून घेणे, अर्थात वजाबाकी, ते सबट्रॅक्ट. शेतावर रोज दिसणाऱ्या एका यंत्राच्या नावात इंग्रजीचे हे केवढे कुळ दडले आहे!

पण आपल्याला ह्याहून मोठा लाभ आहे, आणि तो इंग्लंडातल्या विद्यार्थ्यालाही नाही. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स ह्यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या भाषा एकाच लुप्त मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असा विचार मांडला. १८१६ मध्ये फ्रान्झ बॉप ह्या जर्मन पंडिताने क्रियापदांची रूपे ताडून त्या विचाराला शास्त्राचे रूप दिले. तेव्हापासून सिद्ध झालेली गोष्ट अशी की, लॅटिनमधील अनेक मुळे आपल्या संस्कृत धातूंचीच भावंडे आहेत. दिश् म्हणजे दाखविणे, सांगणे. त्यापासून आदेश, उपदेश, निर्देश, संदेश. लॅटिनमध्ये त्याचेच भावंड डिको. त्यापासून डिक्टेट, प्रेडिक्ट, काँट्रॅडिक्ट आणि खुद्द डिक्शनरी. स्था म्हणजे उभे राहणे; त्याचे भावंड स्टो; त्यापासून स्टेशन, स्टॅच्यू, स्टेटस, कॉन्स्टंट. ज्ञा म्हणजे जाणणे. त्याचे भावंड ग्नोस्को. त्यापासून इग्नोरंट आणि रेकग्नाइझ. युज् म्हणजे जोडणे; बैलाच्या मानेवरचे आपले जू ह्याच कुळातले; लॅटिनकडून जंक्शन आणि कंजंक्शन आले. अग्नीचे भावंड इग्निस, म्हणून मोटारसायकलचे इग्निशन. मृ म्हणजे मरणे, म्हणून मॉर्टल आणि तालुक्याच्या दवाखान्यातले पोस्टमॉर्टेम. वाक् म्हणजे वाणी. तिचे भावंड वोक्स. त्या कुळातून व्हॉइस आला, अ‍ॅडव्होकेट आला, आणि ज्या शब्दासाठी हा सारा खटाटोप चालला आहे तो व्होकॅब्युलरी हा शब्दही आला.

बसस्थानकावर उभे राहून आपण रोज एस.टी.ची वाट पाहतो. तिच्या इंग्रजी नावातील स्टेट हा शब्द स्था धातूच्या भावंडापासून झालेला आहे. मराठी नावातील परिवहनात वह् धातू आहे. त्याचे लॅटिन भावंड वेहो, आणि त्याच्यापासून व्हेइकल. गावच्या सोसायटीचा सचिव आपण म्हणतो. सचिव आणि सखा हे शब्द ज्या मुळाचे, त्याच मुळाचा लॅटिन शब्द सोशियस, म्हणजे सोबती, त्यावरून सोसायटी. बोर्डावर शेजारी शेजारी बसलेले हे दोन शब्द हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले भाऊबंद आहेत.

मग इंग्रजी आणि लॅटिन ह्यांचे नाते काय? येथे पुष्कळांची चूक होते. लॅटिन ही इंग्रजीची आई नव्हे; मावशी आहे. इंग्रजीचे स्वतःचे घरगुती शब्द जर्मन भाषांच्या कुळातले आहेत. फादर, मदर, टूथ, फूट, टेन, हंड्रेड हे तिचे मूळचे शब्द. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. राजदरबार, न्यायालये आणि जमीनदारी ह्यांची भाषा फ्रेंच झाली. फ्रेंच ही लॅटिनची लेक. पुढे विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळात पंडितांनी लॅटिनमधून थेट शब्द उचलले. म्हणून इंग्रजीत एकाच वस्तूला दोन पदरी शब्द दिसतात. घरात फादर, पण कागदपत्रात पॅटर्नल. तोंडात टूथ, पण ते काढणारा डेंटिस्ट. पाय तो फूट, पण सायकलचा तो पेडल. पितृ, पॅटर, फादर. दंत, डेन्स, टूथ. पद, पेस, फूट. दश, डेकेम, टेन. ह्या मालिका शेजारी मांडल्या की अक्षरांच्या बदलातही नियम दिसतो. जेथे संस्कृत-लॅटिनमध्ये प, तेथे इंग्रजीत फ. जेथे द, तेथे ट. ग्रिम ह्या जर्मन पंडिताने १८२२ मध्ये हा नियम व्यवस्थित मांडला. नो ह्या क्रियापदाच्या आरंभी न उच्चारलेला के का लिहितात, हेही ह्यातूनच उलगडते. तो के एकेकाळी उच्चारला जात असे. तो आपल्या ज्ञ ह्या जोडाक्षरातील पहिल्या ध्वनीचा सोयरा आहे.

ही दोन पदरी रचना मराठी माणसाला समजावून सांगावी लागू नये. आपली भाषा तशीच आहे. दात आणि दंत, हात आणि हस्त, पान आणि पर्ण. एक घरातला तद्भव, एक पोथीतला तत्सम. आपल्या गावाच्या पाटीवर जी अक्षरे आहेत तीच घ्या. ताक घुसळून निघणारे लोणी हा शब्द नवनीतापासून प्राकृतातून झिजत झिजत आला. दंतवैद्य हा शब्द जसा मराठीत बसला तसाच डेंटिस्ट इंग्रजीत बसला.

आणि संस्कृतातून पाली, प्राकृत, अपभ्रंश ह्या वाटेने मराठी-हिंदीसारख्या भाषांपर्यंत शब्द कसे झिजत आले, हाच भांडारकरांच्या एका मोठ्या कामाचा विषय होता. मुंबई विद्यापीठाने जॉन विल्सन ह्यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या भाषाशास्त्रविषयक व्याख्यानमालेत १८७७ साली त्यांनी सात व्याख्याने दिली. पुढे १९१४ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. प्राकृत म्हणजे बिघडलेली, अडाण्यांची भाषा, ही जुनी समजूत ह्या व्याख्यानांपुढे टिकणारी नव्हती. शब्द झिजतो तो नियमाने झिजतो, आणि बायाबापड्यांच्या तोंडची बोलीही शास्त्राच्या अभ्यासाला योग्य असते, हे त्यातून दिसून आले. ग्रामीण बोलीमुळे वर्गात संकोचणाऱ्या विद्यार्थ्याला ह्याहून मोठा आधार कोणता?

ही व्याख्याने ज्या काळात झाली तो त्यांच्या दृष्टीने सुखाचा काळ नव्हता. १८६० च्या दशकाच्या अखेरीस ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले होते. काही वर्षे त्यांनी ती जागा सांभाळली. परंतु कायमची नेमणूक करायची वेळ आली तेव्हा, १८७३ मध्ये, ती जागा विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन ह्यांना मिळाली आणि भांडारकर दुय्यम जागेवर राहिले. पीटरसन विद्वान होते ह्यात शंका नाही. पण एका एतद्देशीय माणसाची योग्यता सिद्ध झालेली असतानाही त्याला बाजूला सारले गेले, हेही खरे. भांडारकरांनी त्यावर काय केले? ते काम करीत राहिले. १८७६ मध्ये त्यांनी भवभूतीच्या मालतीमाधवाची चिकित्सक आवृत्ती काढली, शिलालेख वाचले, गावोगावच्या हस्तलिखितांचा शोध घेऊन त्यांचे अहवाल लिहिले. पीटरसन ह्यांच्याबरोबर हस्तलिखितांच्या शोधाचे तेच सरकारी काम त्यांनी वाटून घेतले. १८८२ साली कीलहॉर्न जर्मनीस गेल्यानंतर डेक्कन कॉलेजातील संस्कृतचे अध्यापन त्यांच्याकडे आले आणि १८९३ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथे होते. १८८५ मध्ये जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. १८८६ मध्ये व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेस ते स्वतः गेले.

त्यांच्या संशोधनाची रीत कशी होती ह्याचा एक नमुना सांगण्याजोगा आहे. व्याकरणमहाभाष्य लिहिणारा पतंजली कोणत्या काळी झाला, ह्यावर युरोपातल्या पंडितांत मतभेद होते. महाभाष्यात वर्तमानकाळाचे उदाहरण म्हणून पुष्यमित्र राजाच्या यज्ञाचा उल्लेख येतो. ज्या क्रियापदाने तो केला आहे त्याच्या काळावर भांडारकरांनी बोट ठेवले. यज्ञ चालू असतानाच ते वाक्य लिहिले गेले, म्हणून पतंजली हा पुष्यमित्राचा समकालीन, म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याचा. १८७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी हे प्रतिपादन केले आणि वेबरसारख्या जर्मन पंडिताशी त्यावर वाद घातला. एका क्रियापदाचे रूप नीट पाहिले म्हणून एका थोर ग्रंथकाराचा काळ हाती लागला. व्याकरण निरुपयोगी आहे असे म्हणणाऱ्यांनी ह्यावर विचार करावा.

आपल्या भागाशीही त्यांच्या कार्याचा धागा जुळतो. १८७४ च्या लंडन येथील परिषदेसाठी त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर निबंध पाठविला. १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सातवाहनांचा जो इतिहास त्यांनी त्यात जुळवला तो नाशिक, कार्ले, जुन्नर, नाणेघाट अशा ठिकाणच्या दगडांवरील अक्षरांतून. जुन्नरच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम ह्याचा लेख आहे. यवन म्हणविणाऱ्या दात्यांचीही नावे तेथे कोरलेली आहेत. ह्याच जुन्नरवरून नाणेघाट उतरून माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाई आणि तेथून रोमन साम्राज्याकडे. त्या व्यापाराबरोबर रोमन नाणी भारतात आली. देनारियस ह्या रोमन नाण्याचे नाव संस्कृतात दीनार झाले आणि गुप्तकाळातील लेखांत ते आढळते. देनारियस हे नाव दहा ह्या संख्येवरून पडले, आणि लॅटिनमधील दहा म्हणजे डेकेम, आपल्या दशचे भावंड. म्हणजे लॅटिन शब्द आपल्या देशात इंग्रजांच्या बोटीतून प्रथम आले असे नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या व्यापाराबरोबर हा शब्द आला त्याची एक मोठी वाट कुकडीच्या खोऱ्यातून आणि नाणेघाटातून जात होती.

ह्याच डेकेमवरून एक कोडेही सुटते. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ह्या नावांत सप्त, अष्ट, नव, दश स्पष्ट ऐकू येतात; मग हे महिने नववे, दहावे, अकरावे, बारावे कसे? कारण प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होत असे. पहिला महिना बदलला, नावे तीच राहिली.

मात्र येथे एक इशारा द्यायला हवा, आणि तो भांडारकरांच्या वृत्तीला धरूनच आहे. १८८८ मध्ये त्यांनी मुंबईत चिकित्सक, तौलनिक आणि ऐतिहासिक संशोधनपद्धतीवर व्याख्यान दिले होते. ऐकायला सारखे ते नात्याचे, असे मानणे ह्या पद्धतीत बसत नाही. दिवसाचे खरे भावंड लॅटिनमधील डिएस, ज्यावरून डायरी हा शब्द आला. इंग्रजी डे हा शब्द त्यासारखा दिसतो, पण तो ह्या कुळातला नाही. दुसरे असे की, मूळ कळले म्हणजे आजचा अर्थ कळलाच असे नाही. मॅन्युफॅक्चर ह्याचा मूळ अर्थ हाताने बनविणे. आज तो शब्द यंत्राने बनविलेल्या मालाला लावतात. कँडिडेट म्हणजे मुळात शुभ्र वस्त्रे घातलेला, कारण रोममध्ये निवडणुकीस उभे राहणारे पांढरा झगा घालीत. त्यातील कँड ह्या मुळाचा आपल्या चंद्राशी संबंध आहे. पण आजच्या उमेदवाराचा पांढऱ्या रंगाशी संबंध असेलच असे नाही. म्हणून मुळावरून अर्थाचा अंदाज करावा, आणि मग वाक्यात व कोशात तो पडताळून पाहावा. मूळ ही वाट दाखवणारी पाटी आहे. चालणे आपल्यालाच भाग आहे.

पडताळून पाहण्याची हीच सवय भांडारकरांना समाजसुधारणेकडे घेऊन गेली. ते प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ होते. १८९१ साली संमतिवयाचे विधेयक आले तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद पेटला. धर्मशास्त्राचा विधेयकाला विरोध आहे असे अनेक जण सांगत होते. भांडारकरांनी मूळ ग्रंथ काढून, वचनांचे अर्थ लावून, धर्मशास्त्र ह्या सुधारणेच्या आड येत नाही, असे दाखविणारे टिपण प्रसिद्ध केले. पण दुसऱ्यांना शास्त्रार्थ सांगून ते थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिला. त्या काळी ह्याची किंमत काय होती हे आज समजणे अवघड आहे. जातीचा बहिष्कार, आप्तांची पाठ, ज्या पंडितवर्गात उठबस त्यांचा रोष, हे सारे त्यांनी पत्करले. ग्रंथात सापडलेले सत्य घराच्या उंबरठ्याच्या आत आणण्याचे धैर्य सर्वच विद्वानांत नसते.

१८९३ ते १८९५ ह्या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९११ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९१३ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, वैष्णव, शैव आणि इतर पंथांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ जर्मनीतील प्रकाशकांकडून बाहेर आला. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन केले. आयुष्यभर जमविलेला आपला ग्रंथसंग्रह त्यांनी ह्या संस्थेच्या स्वाधीन केला. १९१९ मध्ये संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. देशभरातील हस्तलिखिते शब्द नि शब्द ताडून पाहायचे ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. ते पाहायला भांडारकर अर्थातच नव्हते. २४ ऑगस्ट १९२५ रोजी पुण्यात त्यांचा देह पडला. परंतु पाठ ताडून पाहिल्याशिवाय विधान करायचे नाही, हा त्यांचा धडा त्या आवृत्तीच्या पानापानावर आहे.

विद्यार्थिमित्रहो, अशा माणसाचे चरित्र वाचून नुसते नमस्कार करून उपयोग नाही. त्यांच्या कामातून आपल्याला आजच घेता येईल अशी एक साधी गोष्ट आहे. वहीतली शब्दांची यादी मोडून तिच्या जागी कुळांची वही करावी. एका पानावर एकच मूळ लिहावे. शेजारी त्याचे संस्कृत भावंड, असल्यास, लिहावे. खाली त्या मुळाचे इंग्रजी शब्द जसजसे वाचनात येतील तसतसे भरावेत, आणि प्रत्येकाचे एक वाक्य स्वतः रचावे. आठवड्याला दोन मुळे घेतली तरी वर्षाला शंभर होतात, आणि एकेका मुळाचे पाच शब्द धरले तरी पाचशे शब्द कायमचे आपले होतात. ह्यासाठी शहरातला शिकवणीवर्ग लागत नाही, पैसेही लागत नाहीत. आईच्या तोंडचे जू, नाव, भार, नऊ, दहा हे शब्द आपल्याजवळ भांडवल म्हणून आधीच आहेत.

मालवणच्या कारकुनाच्या मुलाने विशीनंतर संस्कृत शिकून जर्मन पंडितांशी बरोबरीने वाद घातला. त्याला ना इंग्रजी घरची होती, ना संस्कृत. दोन्ही त्याने मुळापासून शिकून घरच्या केल्या. घोड, मीना आणि कुकडीच्या काठच्या मुलामुलींना हे अशक्य आहे, असे मानण्याचे काहीच कारण नाही.